फोर बाय फोर पिकअपचं ॲव्हरेज: बेळगाव सीमाभागातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

खानापूरच्या पश्चिमेला जंगल आणि लाल माती, बेळगाव-निपाणी हायवेला चढ-उतार, चिकोडीकडे उसाच्या पाणंदी, अथणी-रायबागला काळी जमीन. एवढ्या टापूत पिकअपला इतके वेगवेगळे रस्ते भेटतात की जांबोटीच्या माणसाचं ॲव्हरेज कागवाडच्या माणसाला लागू पडत नाही. गाडी घेण्याआधी, घेतल्यावर आणि ॲव्हरेज घटल्यावर लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. फोर बाय फोर म्हणजे गरज पडेल तेव्हा चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी गाडी. सगळं बोलणं डिझेल गाड्यांबद्दल आहे.

फोर बाय फोर पिकअप खरोखर किती ॲव्हरेज देते?

एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दोन टनांच्या आसपास वजनाची पिकअप रिकामी, सपाट रस्त्याला, ऐंशीच्या आत शांतपणे चालवली तर लिटरला १२-१३ किलोमीटर देऊ शकते. तीच गाडी माल भरून घाटात घातली की ८-९ वर येते. गावातल्या गर्दीत, एसी लावून, १० च्या आसपास. चिखलात लो गिअर (चारही चाकांना कमी वेग आणि जास्त ताकद देणारी जोडणी) लावून फिरवली तर ४-५ सुद्धा दिसेल, आणि त्यात गाडीचा काही दोष नसतो.

बाजारात आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या गाड्या चार. महिंद्रा बोलेरो कॅम्परच्या फोर बाय फोरला २.५ लिटरचं, ७५ एचपीचं इंजिन. टाटा योद्धाला २.२ लिटर, सुमारे १०० एचपी. इसुझू व्ही-क्रॉसला १.९ लिटर, १६३ एचपी. टोयोटा हायलक्सला २.८ लिटर, २०४ एचपी. इंजिन मोठं म्हणजे डिझेल जास्त, असा सरळ हिशेब लोक करतात, पण तो नेहमी बरोबर येत नाही. रिकाम्या गाडीत लहान इंजिन नक्कीच स्वस्त पडतं. पूर्ण माल भरून चढणीला लागलात की लहान इंजिनाला सारखी रेस द्यावी लागते, खालचे गिअर धरावे लागतात, आणि तिथे दोघांतला फरक बराच कमी होतो. म्हणून आधी तुमची गाडी वर्षातला किती काळ भरलेली चालणार आहे ते ठरवा, मग इंजिनाचं बोला.

कंपनी सांगते तेवढं ॲव्हरेज का मिळत नाही?

तो आकडा प्रयोगशाळेत, गाडी रोलरवर ठेवून, ठरवून दिलेल्या वेगाच्या तक्त्याप्रमाणे चालवून काढलेला असतो. त्या तक्त्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जातच नाही. घाट नाही, माल नाही, समोर उसाची ट्रॉली नाही, एसी बंद. त्या आकड्याचा उपयोग दोन गाड्यांची आपापसात तुलना करायला होतो, तेवढाच. प्रत्यक्षात त्यातून वीस-पंचवीस टक्के कमी धरून घरचा खर्च मांडा, म्हणजे पुढे मनस्ताप होत नाही.

ॲव्हरेज बरोबर मोजायचं कसं? डॅशबोर्डवरचा आकडा चालेल का?

डॅशबोर्डवरचा आकडा अंदाज असतो आणि बऱ्याच गाड्यांत तो थोडा जास्तच दाखवतो. खरा हिशेब टाकी ते टाकी.

पंपावर गाडी सपाट जागेवर उभी करा. नोझल आपोआप तुटला की तिथेच थांबा. पंपावरचा मुलगा सवयीने आणखी दोन-तीन वेळा दाबून रक्कम पूर्ण करायला जातो, त्याला आधीच सांगा की पहिल्या कटला थांब बाबा. डिझेलला फेस येतो, आणि फेस बसल्यावर टाकीत आणखी दीड-दोन लिटर सहज मावतं. एका वेळी फेसावर थांबलात आणि पुढच्या वेळी गळ्यापर्यंत भरलंत तर सगळा हिशेब तिथेच बिघडला. ट्रिप मीटर शून्यावर आणा. किमान तीनशे-चारशे किलोमीटर चालवा. मग शक्यतो त्याच पंपावर, त्याच मशीनवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. चाललेले किलोमीटर भागिले आत गेलेलं डिझेल, हे तुमचं ॲव्हरेज.

एका टाकीवरून निकाल देऊ नका, निदान तीन टाक्यांचं बघा. गाडीत एक साधी वही ठेवा आणि तारीख, किलोमीटर, लिटर याच्यापुढे एक रकाना मालाचा करा: रिकामी, अर्धी, भरलेली. हा रकाना नसेल तर वही असून नसल्यासारखी. सुगीच्या महिन्यात ॲव्हरेज दोनने पडलं म्हणून गाडी गॅरेजला आणणारे लोक आहेत, आणि मालाचं विचारलं की लक्षात येतं, या महिन्यात गाडी एकदाही रिकामी धावलेली नाही.

लिटरला एक किलोमीटर वाढला तर पैसे किती वाचतात?

गाडी आधी किती देत होती त्यावर आहे. शंभर किलोमीटरला किती लिटर लागतं असा हिशेब केला की चित्र स्वच्छ दिसतं. ८ देणाऱ्या गाडीला शंभर किलोमीटरला १२.५ लिटर लागतात, ती ९ देऊ लागली तर ११.१ लागतात, जवळजवळ दीड लिटर वाचलं. १४ देणारी गाडी १५ वर गेली तर वाचतं अर्धा लिटरसुद्धा नाही. म्हणजे कमी ॲव्हरेजच्या, जड कामाच्या गाडीकडे लक्ष देण्यात जास्त पैसा आहे. घरात पिकअप आणि मोटार दोन्ही असतील तर पहिली दुरुस्ती पिकअपची करा.

टू-एच मध्येच (फक्त मागच्या दोन चाकांना ताकद) चालवतो, तरी साध्या पिकअपपेक्षा जास्त डिझेल का लागतं?

कारण फोर बाय फोर बंद केली तरी तिचं सामान गाडीतून उतरत नाही. ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरची पेटी), पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ती ताकद पुढे नेणारा दांडा), पुढचं डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), दोन ड्राइव्ह शाफ्ट, हे सगळं मिळून शंभर किलोच्या आगेमागे वजन कायम अंगावर असतं. शिवाय टू-एच मध्ये ट्रान्सफर केस पुढच्या शाफ्टला ताकद देणं बंद करते, पण पुढची चाकं रस्त्यावरून फिरतच असतात. चाकं आणि ड्राइव्ह शाफ्ट यांची जोडणी सुटत नसेल तर चाकंच उलट बाजूने डिफरन्शियल आणि शाफ्ट फिरवत बसतात, तेही दाट तेलात. त्याला लागणारी ताकद शेवटी इंजिनातूनच येते.

जुन्या गाड्यांत पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब असायचे. मोकळे केले की पुढचं सगळं शांत. नव्या गाड्यांत हे काम बहुधा व्हॅक्यूमवर किंवा मोटारीवर होतं. ती व्हॅक्यूमची नळी फाटली किंवा आत चिखल बसला की जोडणी अर्धवट अडकते. टू-एच मध्ये असताना पुढून घूं-घूं आवाज येत असेल आणि ॲव्हरेज घटलं असेल, तर आधी हे बघायला सांगा.

सगळं नीट असेल तर टू-एच मधला हा तोटा लिटरमागे अर्धा ते एक किलोमीटर एवढाच असतो. लोकांची जी भीती असते, की फोर बाय फोर म्हणजे डिझेलचं भांडं, ती बहुतांशी वजनाची, रुंद टायरची आणि चालवण्याच्या पद्धतीची असते. दोष मात्र पुढच्या ॲक्सलला दिला जातो.

पावसाळ्यात हायवेवर फोर-एच (नेहमीच्या वेगात चारही चाकांना ताकद) लावून ठेवली तर गाडी जास्त सुरक्षित राहते ना?

नाही. पक्क्या रस्त्याला लावू नका, तो ओला असला तरी. या प्रश्नाला थोडा वेळ द्यावा लागेल, कारण डिझेल आणि गाडी दोन्हीचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठा फेरा घेतात, म्हणजे त्यांना जास्त फिरावं लागतं. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट यांच्यामध्ये डिफरन्शियल नसतं. फोर-एच लावली की दोन्ही शाफ्ट एकत्र बांधले जातात आणि सारख्याच वेगाने फिरतात. माती, वाळू, चिखल असेल तर चाक थोडं घसरून हा फरक भरून काढतं. डांबर आणि काँक्रीट चाकाला घसरू देत नाहीत, मग तो ताण शाफ्ट, जॉइंट आणि गिअरमध्ये साठत जातो.

पाहायचंच असेल तर एखाद्या काँक्रीटच्या अंगणात चालण्याच्या वेगाने फोर-एच मध्ये पूर्ण स्टिअरिंग कापून बघा, तेही एकदाच. स्टिअरिंग जड होतं, गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी अडते, मग एक झटका देऊन पुढे जाते, टायर चर्रकन ओरडतो. त्यानंतर टू-एच केली तरी डॅशबोर्डवरचा दिवा लगेच विझत नाही, कारण आत ताण धरलेला असतो. सरळ चार-पाच मीटर मागे घेतली की खटकन सुटते आणि दिवा जातो. आता हेच आडवळणी रस्त्यावर तासभर चालू ठेवलं तर टायर, जॉइंट आणि डिझेल यांचं काय होत असेल ते समजतं.

ब्रेक मारताना फोर बाय फोरचा काहीच उपयोग नाही हेही घरातल्या तरुण मुलांना नक्की सांगा. ओल्या रस्त्याला गाडी थांबवतात ते टायर, ब्रेक आणि कमी वेग. फोर-एच लावली म्हणून तवंदीच्या उताराला नव्वदने जाणारा मुलगा सुरक्षित नसतो.

मग फोर-एच आणि लो कधी लावायची?

रस्ता भुसभुशीत, घसरडा आणि कच्चा असेल तेव्हा फोर-एच. पाऊस पडून गेलेली लाल मातीची चढण, ओढ्यातली वाळू, ओली पाणंद. रुतण्याच्या आधी लावा. रुतून चाकाने खड्डा केल्यावर लावलीत तर निम्मा फायदा गेला. मागचं चाक जागेवर फिरत असताना जळणारं डिझेल तुम्हाला इंचभरही पुढे नेत नाही. म्हणून योग्य जागी फोर-एच लावणं हे डिझेल वाचवणंच आहे.

लो गिअरमध्ये चाकांचा वेग साधारण अडीचपट कमी होतो आणि ताकद तितकी वाढते. गाडी जवळजवळ उभी करून, न्यूट्रलमध्ये घालून लावायची. मालासह एकदम उभी चढण, दुसरी गाडी ओढून काढणं, दगडधोंड्यातून सावकाश उतरणं, एवढीच तिची कामं. काम झालं की लगेच काढा. क्लच जाळत हायमध्ये चढवण्यापेक्षा लोमध्ये शांतपणे चढवली तर डिझेलही कमी जातं आणि क्लच प्लेटही वाचते.

चोर्ला घाटातून गोव्याला भाजी नेतो. घाट किती डिझेल खातो?

हे गणित करून बघण्यासारखं आहे. साखळीकडचा पायथा समुद्रसपाटीच्या जवळ आहे आणि चोर्ला-कणकुंबीचा माथा साधारण आठशे मीटरवर. म्हणजे येताना गाडीला सुमारे साडेसातशे मीटर उभं उचलायचं आहे. एक लिटर डिझेलमधली ऊर्जा सुमारे ३६ मेगाज्यूल, त्यातली इंजिनाच्या हाती साधारण तिसरा हिस्सा लागतो, म्हणजे १२. दोन टनांची रिकामी गाडी साडेसातशे मीटर वर न्यायला सुमारे १५ मेगाज्यूल लागतात: सव्वा लिटर डिझेल. टनभर माल असेल, म्हणजे एकूण तीन टन, तर २२ मेगाज्यूल: जवळपास एक लिटर आठशे मिली. हे फक्त उंची चढण्याचं. रस्ता कापण्याचं डिझेल वेगळं.

इथे बेळगावकरांच्या बाजूने एक गोष्ट आहे. आपला माल, भाजी असो वा दूध, घाट उतरतो, आणि गाडी चढते ती बहुधा रिकामी. उलट कोकणातून किंवा गोव्यातून मासळी, नारळ घेऊन येणारी गाडी भरलेली चढते. रस्ता तोच, माल तेवढाच, तरी दोघांचं ॲव्हरेज वेगळं येणार. परतीचं भाडं घेताना घाटाचं हे जास्तीचं डिझेल धरूनच दर सांगा. अनमोड किंवा आंबोलीने जाणाऱ्यांनीही हाच हिशेब लावावा.

चढताना इंजिनाला गुदमरू देऊ नका. वरच्या गिअरमध्ये रेस दाबून धरली आणि गाडी थरथरत असेल तर एक गिअर उतरवा. टर्बोचं इंजिन साधारण मिनिटाला १,६०० ते २,५०० फेऱ्यांच्या मध्ये सगळ्यात चांगलं ओढतं, बहुतेक गाड्यांत ताकदीचा पट्टा तिथेच असतो.

उताराला न्यूट्रल करून सोडली तर डिझेल वाचतं, खरं का?

आताच्या कॉमन रेल इंजिनात (ज्यात डिझेल किती सोडायचं ते संगणक ठरवतो) खरं नाही. गिअरमध्ये असताना रेस सोडली की इंजेक्टर डिझेल देणंच थांबवतात, गाडीचं वजन इंजिनाला फिरवतं. न्यूट्रल केलीत तर इंजिन स्वतःच्या बळावर चालू राहायला डिझेल घेतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त जातं. आणि इंजिनाची पकड सुटल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐनवेळी धरत नाहीत. माल भरलेल्या गाडीत, घाटात, हे जिवावरचं आहे. ज्या गिअरने चढलात त्याच्या जवळपासच्या गिअरने उतरा. आपल्या घाटांत यावर तडजोड नको.

बेळगाव-निपाणी हायवेवर किती वेग ठेवावा?

ऐंशी. पिकअपचं तोंड उभं, मागे उघडा हौदा, खाली उंच चासी. हवा तिला अडवत राहते आणि हा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीवरून शंभरवर गेलात तर हवेचा विरोध दीडपटीपेक्षा जास्त होतो. बेळगाव ते निपाणी साधारण पंच्याहत्तर किलोमीटर. ऐंशीने छप्पन्न मिनिटं, शंभरने पंचेचाळीस. अकरा मिनिटं वाचवायला तुम्ही लिटरमागे दोनेक किलोमीटर देता. शिवाय वंटमुरीच्या चढाला आणि हत्तरगीच्या टोलला ती मिनिटं तशीही थोडी परत जातात.

गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकायला होतं. तिथे सारखं रेस-ब्रेक करत ओव्हरटेकची जागा शोधण्यापेक्षा थोडं अंतर ठेवून एका गिअरमध्ये मागे राहिलेलं डिझेलला परवडतं, आणि रात्रीच्या वेळी तर जिवालाही.

हौद्यावर ताडपत्री, कॅरिअर, फळी यांनी फरक पडतो का?

पडतो. सैल ताडपत्री वाऱ्याने फडफडते तेव्हा ती गाडीला मागे ओढत असते, म्हणून आवळून बांधा. टपावरचं रिकामं कॅरिअर, समोरचा जाडजूड लोखंडी गार्ड, उगाच लावलेले दिवे, यातलं जे वापरत नाही ते उतरवा. लोखंडी गार्डचं वजन तर चाळीस-पन्नास किलोपर्यंत जातं. मागची फळी खाली पाडून चालवली तर हवा मोकळी जाते असा समज आहे. हौद्यात हवेचा एक भोवरा तयार होऊन वरची हवा त्यावरून सरकून जाते, फळी पाडली की तो मोडतो. बंदच ठेवा.

एका फेरीत जास्त माल न्यावा की दोन फेऱ्या कराव्यात?

गाडीच्या ठरलेल्या क्षमतेपर्यंत, एकच भरलेली फेरी. खानापूर ते बेळगाव एपीएमसी साधारण सव्वीस किलोमीटर. पूर्ण भरलेली गाडी ९ देत असेल तर जाताना तीन लिटर. अर्धा अर्धा माल दोनदा न्यायचा तर ॲव्हरेज १०-११ येऊन छान वाटेल, पण जाण्याच्या दोन फेऱ्यांना पाच लिटर, आणि रिकामं परत येणंही दोनदा. वहीत आकडा सुंदर, खिसा रिकामा. क्षमतेच्या वर मात्र जाऊ नका. फोर बाय फोर गाडीची माल वाहण्याची क्षमता तिच्याच साध्या भावंडापेक्षा बऱ्याचदा कमी असते, तेवढं कागदावर बघून घ्या.

मोठे, खाचांचे टायर टाकले आणि ॲव्हरेज पडलं. टायरचाच दोष का?

थोडा टायरचा, थोडा मीटरचा. खोल खाचांचे टायर जड असतात, रस्त्यावर जास्त घासतात, आवाज करतात. पण टायरची उंची वाढली की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते आणि मीटरला ते कळत नाही. २४५/७० आर १६ काढून २६५/७५ आर १६ टाकले तर टायर सुमारे सात टक्क्यांनी मोठा होतो. मीटरवर ५०० दिसतात तेव्हा गाडी प्रत्यक्ष ५३५ चाललेली असते. आधी हा फरक हिशेबात घ्या, मग बघा खरं किती पडलं. वेगाचा काटाही तेवढाच कमी दाखवतो, हे विसरू नका.

हवेचं म्हणाल तर हवा थंड टायरला तपासा, सकाळी, गाडी काढायच्या आधी किंवा जवळच्या पंपावर. चालकाच्या दाराच्या चौकटीवर रिकामी आणि भरलेली अशी दोन वेगळी मापं लिहिलेली असतात. मागच्या टायरचं भरलेल्या गाडीचं माप बरंच जास्त असतं आणि लोक वर्षभर एकाच मापावर फिरतात. वाळूत किंवा मऊ मातीत हवा कमी करून गाडी बाहेर काढलीत तर डांबरावर येताच भरा. कमी हवेच्या टायरने वेगात गेलात तर डिझेल जातंच, टायर तापून फुटूही शकतो.

अथणीकडच्या काळ्या मातीत फोर बाय फोर असूनही रुततो. असं का?

ओली काळी माती टायरच्या खाचांत भरून बसते आणि टायर गुळगुळीत होतो. मग दोन चाकं घसरतात त्याऐवजी चार घसरतात. लाल माती वरून निसरडी असली तरी खाली बऱ्याच ठिकाणी मुरूम लागतो, चाकाला धरायला काही मिळतं. काळ्या मातीत ते मिळत नाही. पावसानंतर एक उन्हं पडू द्या, वर पापुद्रा धरला की जा. मुरूम टाकलेल्या वाटेनेच जा, लांब पडली तरी. बाहेर आल्यावर चाकांच्या आतला चिखल पाण्याने काढा. तो रिमवर एका बाजूला वाळला की चाकाचा तोल जातो आणि ब्रेकमध्ये गेला तर ब्रेक धरून राहतो.

मध्येच इंजिनाचा आवाज वाढतो, पंखा जोरात चालतो, डिझेल जास्त जातं. बिघाड आहे का?

बीएस ६ गाडी असेल तर बहुधा नाही. एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात तो. तो भरला की गाडी जास्तीचं डिझेल वापरून त्याला सुमारे सहाशे अंशांपर्यंत तापवते आणि काजळी जाळते. खडेबाजार, गणपत गल्ली, कॅम्प असं दिवसभर छोट्या फेऱ्यांत फिरणाऱ्या गाडीला हे वारंवार करावं लागतं. मध्येच गाडी बंद केली की काम अपुरं राहतं आणि पुन्हा पहिल्यापासून. आठवड्यातून एकदा हायवेवर वीसेक मिनिटं एकसारख्या वेगाने चालवा. काजळी जळत असताना गाडी वाळलेल्या गवतावर किंवा पाचटावर उभी करू नका, खाली आग लागू शकते. फिल्टर कापून काढून देणारे भेटतात. ते बेकायदेशीर आहे आणि तो धूर आपल्याच गल्लीतली पोरं श्वासात घेतात.

एसी आणि चालू ठेवलेलं इंजिन?

उभ्या गाडीचं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर घेतं, एसी असेल तर वरच्या टोकाला. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर बंद करा. घाट चढून आल्यावर मात्र अर्धा मिनिट चालू ठेवून मग बंद करा, टर्बोसाठी.

डिझेल कुठे भरावं, कर्नाटकात, महाराष्ट्रात की गोव्यात?

पूर्वी महाराष्ट्राच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे, म्हणजे कर्नाटकात, टाकी भरायला कोल्हापूरकडच्या गाड्या रांगेने थांबायच्या. कर्नाटकाने जून २०२४ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये डिझेलवरचा विक्रीकर वाढवला, त्यामुळे तो फरक आता तसा राहिलेला नाही. त्या दिवसाचा भाव फोनवर बघा. वाटेवर पडत असेल तर जिथे स्वस्त तिथे भरा, मुद्दाम जाऊ नका. साठ लिटरवर लिटरमागे दोन रुपये म्हणजे १२० रुपये वाचले. त्यासाठी जाऊन-येऊन वीस किलोमीटर जास्त गेलात तर दोन लिटर, म्हणजे पावणेदोनशेच्या वर तिकडेच संपले. कॅनमधलं, सुटं, स्वस्त म्हणून मिळणारं डिझेल घेऊ नका. कॉमन रेलचे इंजेक्टर फार बारीक मापाचे असतात, रॉकेलची भेसळ किंवा पाणी त्यांना सहन होत नाही, आणि चार इंजेक्टरच्या बिलात कित्येक टाक्या डिझेल येतं.

ॲव्हरेज वाढवणारं औषध किंवा संगणकातून ट्यूनिंग करून घ्यावं का?

नको. टाकीत टाकायच्या बाटलीने चांगल्या गाडीचं ॲव्हरेज जाणवण्याइतकं वाढत नाही. ट्यूनिंगने ताकद वाढते, पण ती ताकद वापरलीत की डिझेलही जातं, आणि वॉरंटी जाते ती वेगळी. तेच पैसे एअर फिल्टर, अलाइनमेंट आणि चांगल्या टायरवर घाला.

ॲव्हरेज एकाएकी पडलं. आधी काय बघू?

मालाचा रकाना आणि टायरची हवा. मग एअर फिल्टर, कारण उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याने फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरच्या बराच आधी भरतो. त्यानंतर ब्रेक. पाच-सात किलोमीटर सपाट रस्त्याला, ब्रेक कमीत कमी वापरून चालवा, उभी करा आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ तळहात न्या, लावू नका. तीन चाकं कोमट आणि एक भाजेल इतकं तापलेलं असेल तर त्या चाकाचा ब्रेक धरलेला आहे. चिखलातून फिरणाऱ्या गाड्यांत हे फार होतं. मग अलाइनमेंट, थर्मोस्टॅट, डिझेल गळती, टर्बोच्या रबरी नळीला चीर. काळा धूर आणि ओढ कमी, अशी दोन्ही लक्षणं असतील तर ही नळी आधी बघायला सांगा.

घेताना फोर बाय फोर घ्यावी की साधी?

वर्षाला १५,००० किलोमीटर धरा. साधी १२ देते तर १,२५० लिटर, फोर बाय फोर ११ देते तर १,३६४. फरक ११४ लिटर. नव्वदचा भाव धरला तर वर्षाला दहा हजारांच्या आसपास. खरा मोठा फरक विकत घेतानाच्या किमतीचा आणि पुढच्या देखभालीचा असतो, त्याचा हप्ता डिझेलच्या फरकापेक्षा जास्त जड जातो.

आता समोरची बाजू. जांबोटी-कणकुंबीच्या आतल्या वाड्या, हेमाडगा, भीमगडच्या जंगलातली गवाळी, कोंगळा यांसारखी गावं. इथे पावसाळ्याचे चार महिने आजारी माणसाला रस्त्यापर्यंत आणणं हेच मोठं काम असतं. तिथल्या माणसाने लिटरमागच्या एका किलोमीटरकडे बघून साधी गाडी घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. निपाणी-चिकोडी-संकेश्वरकडे मात्र गाव ते कारखाना, गाव ते बाजार रस्ते पक्के आहेत. वर्षातून चार-सहा वेळा पाणंदीत अडकण्यासाठी शेजारच्या भावकीतला ट्रॅक्टर पुरतो. तिथे साधी पिकअप आणि मागे चांगले टायर घ्या.

जुनी फोर बाय फोर घेताना ॲव्हरेजच्या दृष्टीने काय तपासू?

मालकाने सांगितलेला आकडा बाजूला ठेवा. गाडी कच्च्या जागेवर नेऊन फोर-एच आणि लो दोन्ही लावून बघा. वर्षानुवर्षं न लावलेल्या गाड्यांत ती अडकते. टू-एच वर परत आल्यावर दिवा विझतो का बघा. पुढच्या टायरच्या कडा खरवडल्यासारख्या झिजल्या असतील तर गाडी डांबरावर फोर-एच मध्ये फिरली आहे किंवा अलाइनमेंट गेलेली आहे. ट्रान्सफर केस आणि पुढच्या डिफरन्शियलखाली तेलाचे डाग शोधा, आणि तेल शेवटचं कधी बदललं ते विचारा. टायरचं माप दारावरच्या मापाशी जुळवा. जुळत नसेल तर मीटरवरच्या किलोमीटरवरही विसंबू नका. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत, कारण एक नवा आणि तीन जुने अशा गाडीला फोर-एच मध्ये सरळ रस्त्यालाही ताण बसतो. आणि आपल्या मेस्त्रीला सोबत न्या, गाडी रॅम्पवर चढवून खालून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.